खिडकी घराच्या बाजूला

गाडी निघायच्या आधीच आईनं चपला घातल्या. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या पायरीवरून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि सरळ गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"तू कुठं निघालीस?" मधल्यानं विचारलं.

"का? तालीम आहे म्हणालात ना? गाळा माझा तारण ठेवायचा, सही माझी हवी, आणि मी घरी बसून नुसतं ऐकायचं होय?"

"आत बसायला जागा नाही, आई."

"मग उभी राहीन. तुमच्या बाबांच्या खानावळीत जन्म उभ्यानं गेला माझा. तेव्हा कुणी खुर्ची आणून दिली नव्हती."

थोरल्यानं, म्हणजे दादानं, एक रिकामा टब उलटा करून आत ठेवला, वर पोतं टाकलं आणि आईला हात देऊन चढवलं. दादा वेल्डर. लोखंडाशी त्याचं जेवढं पटतं तेवढं माणसांशी पटत नाही, म्हणून असल्या वेळी तो तोंड बंद ठेवून हात चालवतो.

मधल्याला घरात सगळे ब्रेक म्हणतात, तोंडावरसुद्धा. कुठलंही काम जरा वेग घ्यायला लागलं की हा मध्ये पडलाच. त्याचा तरी काय दोष? विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांची जळालेली दुकानं आणि ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मग संध्याकाळी कुणी नवीन धंद्याचं नाव काढलं की याला आधी नुकसानच दिसणार. गंमत अशी, की मोठी गाडी चालवायचा परवाना सगळ्या घरात त्या एकट्याकडे होता. तरुणपणी त्यानं पार्सलची गाडी चालवली होती. त्यामुळं ज्या गाडीला त्याचा पहिल्यापासून विरोध, तीच आज त्याच्याच हातात होती.

"गॅस बंद केलास?" त्यानं खालून ओरडून विचारलं.

"केला," आतून बारकीचा आवाज आला. सुपाच्या पातेल्याचं झाकण ती दोरीनं आवळत होती.

"नळी?"

"तीही बघितली."

"परत बघ."

"भाऊ, तू गाडी चालव. स्फोट झाला तर कळेलच तुला."

बारकी चाळिशी ओलांडून गेली होती, पण शेंडेफळाचं नाव चिकटलं ते चिकटलं. एका मोठ्या कचेरीच्या कँटीनचं स्वयंपाकघर तिनं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. मग एके सकाळी साहेबांनी ठरवलं की यापुढं सगळ्यांना बंद डबे मागवायचे, आणि कँटीनला कुलूप लागलं. हातात आलेल्या पैशांतून तिनं ही जुनी पार्सलची गाडी घेतली. डोकं फिरलंय म्हणून सगळ्यांनी तिला बोलून घेतलं. आता पैसे संपले होते. जनरेटर, परवाने, पहिल्या काही महिन्यांचा माल, सगळं बँकेच्या कर्जावर अवलंबून, आणि कर्ज आईच्या सहीवर. दुसऱ्या गावातल्या एका पॅकिंगच्या कारखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या थाळ्यांत भाजीचे डाव टाकायचे, पाळीनुसार. हो की नाही ते उद्या सकाळी कळवायचं होतं. आज मोठ्या दवाखान्यासमोर गाडी उभी करून बघायची, चार लोकांना खाऊ घालायचं, आणि सही देणार की नाही ते संध्याकाळी आई सांगणार होती.

"मी काय म्हणतो," ब्रेक म्हणाला. तो असं म्हणाला की दादा हातातलं काम खाली ठेवतो, कारण आता वेळ लागणार हे ठरलेलं. "गाडी झाली म्हणजे धंदा झाला का? विमा आहे. आरोग्य खात्याची तपासणी आहे. उभं राहायचं भाडं, जनरेटरचं डिझेल, टायर. आठवडाभर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही तरी हे सगळं चालूच. आणि पाव शिळा होतो तो वेगळाच."

"शिळा पाव भाजून सुपात घालीन."

"आणि शिळं सूप?"

"ते तुझ्या डब्यात भरीन."

दादा फिसकन हसला.

"हस, हस," ब्रेक म्हणाला. "बाबांनीही असंच हसत हसत खानावळ घालवली."

मग कुणीच हसलं नाही. खानावळ बुडाली तेव्हा भांडीकुंडी, टेबलं, बाबांची सायकल, सगळं गेलं होतं. गाळा तेवढा राहिला, कारण तो आईच्या नावावर होता, आणि बाबांनी हातापाया पडून मागितली तरी आईनं सही दिली नव्हती. आज त्या गाळ्यात रंगाचं दुकान आहे, आणि त्याच्या भाड्यावर आईचं चालतं. बाबा त्यानंतर फार दिवस टिकले नाहीत. सही न दिल्याचं चुकलं की बरोबर केलं, हे या घरात कधीच कुणी उघड बोललेलं नाही.

"निघायचं का?" आई टबावरून म्हणाली. "का इथंच म्हातारं व्हायचंय?"

गाडी अंगणात आली होती तीच ढकलत. इंजिन बंद, मागचं एक चाक बसलेलं. नाक पलीकडच्या भिंतीला लावून ती जी उभी राहिली, ती दुरुस्त झाल्यावरही जागची हलली नव्हती. दादानं तिच्या पोटात ओटा बसवला, बेसिन बसवलं, शेगडी जोडली, दुसऱ्या बाजूनं धुराची चिमणी काढली. एक पैसा घेतला नाही. वर लोकांची फाटकं, जाळ्या, जिने, सगळी कामं पुढं ढकलली, आणि त्यावरून घरी बायकोची, म्हणजे वहिनीची, बोलणी खाल्ली. रोज संध्याकाळी तिघं भावंडं अंगणात जमायची. ब्रेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, एरवी महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही, पण चुका काढायच्या म्हटल्यावर तोही रोज येऊ लागला.

खिडकी कापायच्या दिवशी दादा हातात खडू घेऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं होतं, "कुठल्या बाजूला काढू?" पायरीवर बसलेली आई लगेच म्हणाली, "घराच्या बाजूला." वहिनी म्हणाली, "अर्थात." बारकी म्हणाली, "म्हणजे काय, घराच्याच." ब्रेकनंसुद्धा मान हलवली. या कुटुंबात एकमतानं झालेला हा पहिला निर्णय. खिडकी झाली, तिला वर सरकणारं शटर बसलं, खाली उघडमीट करणारी फळी बसली. मग रोज सगळे पायरीपासून रांग लावून उभे राहायचे आणि बारकी आतून बशा द्यायची. आई पहिली. तिनं कधी नंबर सोडला नाही.

ब्रेकनं गाडी मागं घेत घेत फाटकाबाहेर काढली. पातेलं डुचमळलं, अंडी खडखडली, आणि गाडी रस्त्याला लागली.

वहिनी आधीच पुढं जाऊन जागा धरून बसली होती. दवाखान्यासमोरच्या फुटपाथच्या कडेला दोन स्टुलं टाकून तिनं एका टॅक्सीवाल्याशी कडाकडा भांडण केलं होतं. ती शिवणकाम करते. माप चुकलं की कापड वाया जातं हे तिला चांगलं माहीत, म्हणून या गाडीचं माप तिनं पहिल्या दिवशीच मनाशी घेतलं होतं: नणंदेचं खूळ, दिराची कटकट, आणि मध्ये आपला नवरा फुकट राबणार. तरी बारकीचा एप्रन तिनंच शिवून दिला होता. खिसा दुहेरी शिलाईचा.

गाडी आली. ब्रेकनं सफाईनं कडेला घेतली आणि बरोबर तिच्यासमोर थांबवली.

वहिनीसमोर नुसता पत्रा होता. मध्ये चिमणीचं तोंड, आणि त्यातून गरम वाफ तिच्या चेहऱ्यावर आली.

"अहो," ती पत्र्याला म्हणाली, "खिडकी कुठाय?"

पलीकडून शटर वर गेल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक लांबलचक हॉर्न. वहिनी धावत वळसा घालून गेली. खिडकीत बारकी उभी होती, चेहरा पांढराफटक. तिच्यासमोरून बस जात होती, इतकी जवळून की आतल्या माणसानं हात लांबवला असता तर कप उचलला असता. उघडलेल्या फळीखालून एक मोटारसायकलवाला मान वाकवून निसटला आणि जाता जाता तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. दादानं आतून हात घालून फळी ओढून घेतली.

मग सगळे एकदमच बोलायला लागले.

"पण अंगणात बरोबर होती!" दादा म्हणाला.

"अंगणातनं बस जात नाही, दादा!" ब्रेक खाली उतरून ओरडला. "ही ड्रायव्हरची बाजू आहे! ड्रायव्हरच्या बाजूला रस्ता असतो, फुटपाथ नसतो!"

"मग तेव्हा का नाही बोललास?" बारकी खिडकीतून वाकून म्हणाली. "रोज येऊन बोल्ट चाचपत होतास! बेसिनचा नळ गळतो, शटर करकरतं, फळी बोटभर तिरकी आहे! एवढं मोठं भगदाड दिसलं नाही तुला?"

हेच तर ब्रेकला आतून खात होतं. दिवसाकाठी शंभर दारांत पार्सलं टाकायचा तो, कुठल्या बाजूनं उतरायचं आणि कुठल्या बाजूनं माल काढायचा हे त्याच्या अंगात भिनलेलं. पण अंगणात गेलं की पायरी, आई, रांग, बशी. तिथं रस्ता आठवलाच नव्हता.

फुटपाथवर बाकावर बसलेले एक आजोबा उठून आले. "सूप मिळेल का?"

"मिळेल की, काका. त्या बाजूनं या," वहिनी म्हणाली.

आजोबांनी डोकावून रस्त्याकडे बघितलं. "त्या बाजूला गेलो तर परत दवाखान्यातच यावं लागेल," असं म्हणून ते पुन्हा जाऊन बसले.

"गाडी वळवून उलट्या तोंडानं लावू," वहिनीनं सुचवलं, "म्हणजे खिडकी फुटपाथकडे येईल." तोवर रहदारीचा पोलीस येऊन पोचलाच होता. उलट्या तोंडानं उभी करायची नाही, सुलट्या तोंडानं खिडकी उघडायची नाही, आणि दोन्ही करायचं नसेल तर इथं थांबायचंही नाही, असं त्यानं शिट्टी तोंडातून न काढता सांगितलं.

"मी कापतो," दादा म्हणाला. "आज रात्रीच कापतो. ही बंद करतो, तिकडे काढतो."

"तिकडे बेसिन आहे. शेगडी आहे. चिमणी आहे," ब्रेक म्हणाला. "सगळं उपटावं लागेल. परत तेवढेच महिने, परत तेवढाच पत्रा. पैसे कुठून आणायचे? जरा डोकं चालवलं असतंस ना दादा, खडू मारायच्या आधी..."

"भाऊजी, एक शब्द बोलू नका!" वहिनी अशी कडाडली की पोलिसाची शिट्टीसुद्धा थांबली. "मी माझ्या घरात त्यांना काय बोलायचं ते बोलते. पण तुमचं ऐकून घेणार नाही. गिऱ्हाइकं परत पाठवून राबलाय तो माणूस. तुम्ही काय केलंत? खुर्चीत बसून चहा प्यायलात!"

बारकीला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. वहिनी या गाडीच्या बाजूनं बोलतेय, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं, आणि तेही सगळं संपल्यावर. "जाऊ दे वहिनी," ती म्हणाली. "मी उद्या कारखान्याला हो म्हणून कळवते. चला घरी."

आई टबावर बसून होती. तिनं काहीच विचारलं नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परतीच्या वाटेवर वहिनी पुढं बसली. दादा, बारकी आणि आई मागं. शटर अर्धं खाली होतं आणि त्याच्याखालून रस्ता पळताना दिसत होता. आई त्याच्याकडे बघत होती. पहिलं मीच म्हणाले, घराच्या बाजूला. हे तिच्या मनातून जाईना. आणि चूक म्हणावी तर नुसती चूकही नव्हती ती. ही गाडी रस्त्यावर जावी असं तिला कधी वाटलंच नव्हतं. गाडी अंगणात होती तोवर तिन्ही पोरं रोज घरी येत होती. भांडत होती, एकमेकांच्या हातातलं हिसकावत होती, पायरीशी बशी घेऊन उभी राहत होती. बाबा गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. गाडी तयार झाली की अंगण रिकामं होणार, म्हणून ती रोज काहीतरी खोडी काढायची, फळी जरा खाली घे, शटरला रंग दुसरा दे, आणि दादा मुकाट्यानं करायचा. सहीचं आज सांगते, उद्या सांगते, तेही त्यासाठीच. गाळ्याची भीती होतीच, पण ती एवढी नव्हती. आता गाडी परत अंगणात चालली होती. हवं तेच झालं होतं, आणि समोर बारकी ओट्याला टेकून डोळे पुसत होती. आईला स्वतःची शरम वाटली.

गाडी थांबली. ब्रेकनं गर्दी टाळायला म्हणून घाऊक बाजारामागचा रस्ता धरला होता आणि तिथं तो अडकला होता. पुढं एक ट्रक मागंपुढं करत वळत होता. शेजारी, समोरून येणाऱ्या बाजूला, वजनकाट्यासाठी थांबलेल्या ट्रकांची रांग होती, पार वळणापर्यंत. एकेक ट्रक काट्यावर चढणार, वजन होणार, मग दुसरा. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती.

"ओ ताई!" अर्ध्या शटरखालून आवाज आला. "काय शिजतंय?"

"काही नाही," बारकी म्हणाली.

"काही नाहीचा वास एवढा चांगला येतो?"

तिनं शटर थोडं वर केलं. समोर ट्रकचं दार होतं, आणि दाराच्या खिडकीत कोपर टेकवून बसलेला एक दाढीवाला ड्रायव्हर. त्याचा चेहरा बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर होता. ना वाकायचं, ना मान वर करायची.

"सूप आहे," ती म्हणाली. "पण आम्ही बंद केलंय."

"अहो, बंद काय केलंय! सकाळपासून इथं बसलोय. खाली उतरलो की मागचा पुढं घुसतो. द्या की कपभर. पैसे देतो, फुकट नको."

बारकीनं दादाकडे बघितलं. दादानं आधीच दोरी सोडली होती. तिनं कप भरला, पाव ठेवला आणि हात पुढं केला. त्यानंही हात पुढं केला. कप या खिडकीतून त्या खिडकीत गेला.

तेवढ्यात रांग सरकली. दाढीवाला पुढं गेला आणि त्याच्या जागी आपोआप दुसरी खिडकी येऊन उभी राहिली. "त्याला काय दिलंत? मलाही द्या." मग तिसरी. तिसऱ्याला अंडं हवं होतं. दादानं शेगडी पेटवली, आणि लोखंडाला डाग देणाऱ्या त्या हातांनी पहिल्याच फटक्यात अर्धं कवच ऑम्लेटमध्ये पाडलं.

"सर तिकडे," आई टबावरून उठली. "अंडं फोडतोस की फाटक?"

पुढचा ट्रक वळून निघून गेला होता. मागून हॉर्न वाजायला लागले. ब्रेकनं गिअर टाकला तशी बारकी मधल्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागली. "भाऊ! थांब! ब्रेक दाब! हलवू नकोस गाडी!"

आयुष्यभर ज्याला सगळे 'अडवू नकोस' म्हणत आले, त्याला कुणीतरी थांब म्हणत होतं. त्यानं गाडी होती तिथंच बंद केली.

अर्थात, लगेच सगळं गोड झालं असं नाही. मागच्यांनी शिव्या दिल्या. एका ट्रकवाल्याच्या मांडीवर सूप सांडलं आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं. कपांना झाकणं हवीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनी खाली उतरून रांगेतून पुढं मागं धावत पैसे घेत होती आणि मागच्यांना काय हवं ते आधीच विचारून ओरडून सांगत होती. एप्रनचा दुहेरी शिलाईचा खिसा आता तिच्याच कमरेला होता. शेवटी वजनकाट्याचा मॅनेजर तरातरा चालत आला. रस्ता अडवायची परवानगी कुणी दिली? ब्रेक पुढं झाला आणि त्याला घेऊन गेटच्या आत गेला. तो इतका वेळ आला नाही की बारकीला वाटलं, पकडून ठेवलं की काय.

तो आला तेव्हा सूप तळाला गेलं होतं.

"रस्त्यावर नाही चालणार," तो म्हणाला. "आत, बाहेर जायच्या वाटेला लागून जागा देतो म्हणतोय. आपली गाडी बाहेर तोंड करून, ट्रक आत येणार शेजारून. म्हणजे खिडकी आहे तशीच."

दादानं उलथनं खाली ठेवलं. "म्हणजे कापायची नाही ना?"

"नाही कापायची."

दादानं मान खाली घातली आणि तवा पुसायला लागला. बराच वेळ तो एकच जागा पुसत होता.

"भाडं अवाच्या सवा सांगत होता. उतरवलंय मी. पण ऐक, बारके," ब्रेकनं बोट वर केलं, "हंगाम संपला की ही रांग अर्धी होणार. काटा बंद पडला तर त्या दिवशी शून्य. उद्या दुसरा कुणी येऊन उभा राहिला तर तो आपल्यापेक्षा स्वस्त देणार. आणि झाकणं घ्यायची. आधी झाकणं. डोक्यात धर."

"धरलं," बारकी म्हणाली.

"हे सगळं डोक्यात धर."

"धरलं म्हटलं ना! आता तू हा पाव खा. उरलेला शेवटचा आहे."

ब्रेकनं पाव खाल्ला. भाऊ एकदाचा तयार झाला होता, पण आई काय म्हणणार, हे बारकीला अजून विचारायचा धीर होत नव्हता. आई खिडकीशी उभी होती. खानावळीत तिची चूल भिंतीकडे होती, तोंड भिंतीला आणि पाठ गिऱ्हाइकांना. एवढी वर्षं रांधून वाढलं, पण खाणाऱ्याचा चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. आज बघितला. पहिला घोट घेताना माणूस डोळे मिटतो, हे तिला माहीत नव्हतं.

घरी पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. फाटकाशी आई आधी उतरली. ब्रेकनं पहिल्यासारखंच गाडीचं नाक आत घातलं, पलीकडच्या भिंतीकडे.

"थांब," आईनं हात वर केला. "तशी नको. बाहेर काढ आणि उलटी आत घे. नाक रस्त्याकडे राहू दे."

"अगं, पण मग खिडकी कंपाउंडच्या भिंतीकडे जाईल. पायरीवरून तुला नुसता पत्रा दिसेल."

"दिसू दे. सकाळी घाईच्या वेळी मागं घेत बसणार आहात का?"

ब्रेकनं गाडी बाहेर काढली आणि मागं घेत घेत आत आणली. दादा मागं उभा राहून हातानं खुणा करत होता, वहिनी कुंड्या उचलत होती. गाडी लागली. आई आपल्या पायरीवर जाऊन बसली. समोर आता पत्रा होता, आणि मध्ये चिमणीचं काळं तोंड.

बारकी येऊन खालच्या पायरीवर बसली. दिवसभर गिळून टाकलेलं तिनं एकदाचं विचारलं. "आई, सकाळी त्या कारखान्याला काय कळवू?"

"तुला काय कळवायचं ते कळव. फक्त काट्यावर जाताना मला वाटेत बँकेत सोडा. सहीला असा किती वेळ लागतो?"

बारकीनं तिचा हात घट्ट धरला. मग आईनं हात सोडवून घेतला आणि अंगणात उभ्या असलेल्या दोघांकडे बघितलं.

"एक अट आहे माझी."

ब्रेकनं तोंड उघडलं. दादानं त्याच्या पायावर पाय दिला.

"गाडी कुठंही उभी करा. दिवसभर जगाला खाऊ घाला. पण रात्री तिला इथं आणून लावायचं, आणि तिघांनी जेवून मग जायचं."